अकरा खुंट्या

१२ जून

प्रिय वन्सं,

एका बाकावर बसून जिची उत्तरं चोरून लिहिली तिला 'वन्सं' म्हणायची सवय मला दहा वर्षांत झालेली नाही. पण पत्राच्या डोक्यावर हा शब्द दिसला की तुला हसू येतं, म्हणून लिहिते. बाबांना वाचून दाखवताना एवढं गाळ.

बातमी चांगली नाही. तुझ्या दादाचा कारखाना बंद झाला. लाकडी खिडक्या-दारं आता कुणाला नकोत म्हणे. मालकाने सगळ्या सुतारांना रांगेत उभं करून सांगितलं आणि स्वतःच रडायला लागला, त्यामुळे त्याला शिव्या द्यायचंही राहून गेलं. कारखान्याची ही खोली डिसेंबरअखेर सोडायची. पुढे तिघांनी कुठे जायचं, यावर तुझ्या दादाने तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "गोठ्यात राहू."

"आपण काय जनावरं आहोत?"

"जनावरं आपल्यापेक्षा बरी राहिली तिथे. कधी गळलं नाही."

काल ठकीला घेऊन पाहून आलो. दार उघडलं तर सहा वर्षांपूर्वीचा वास अजून आत. गव्हाणीत कुठल्यातरी पाखराने घरटं केलंय. पण भिंती बघ, माझा हात कोपरापर्यंत खिडकीच्या कोनाड्यात मावतो एवढ्या जाड. ठकीने कुठे झोपायचं ते लगेच ठरवलं, वासराच्या जागी. दादाने डोळ्यांनीच सगळं बांधून टाकलं: वर लाकडी माळा, त्यावर आम्ही, खाली स्वयंपाक, आणि उत्तरेच्या भिंतीला लागून एक खोली बाबांसाठी. दोन वर्षं तू एकटीने त्यांचं सगळं केलंस. आता त्यांनी घरी यावं.

अडलंय एकाच गोष्टीपाशी. शेवटची गाय विकली त्या दिवशी बाबा ह्याला म्हणाले होते, "तुला लाकूड हवं ना, मग माझ्या दगडाला हात लावायचा नाही." तुला माहीतच आहे, तेव्हापासून ह्याने तिथे एक खिळा ठोकलेला नाही. आता म्हणतो, बाबांचा होकार आल्याशिवाय ठोकणारही नाही. फोनवर त्यांना काही कळत नाही, पण पत्र दिसलं की कान टवकारतात असं तूच लिहिलं होतंस. म्हणून हे पत्र. वाचून दाखव आणि ते काय म्हणतात ते कळव.

तुझी,
वहिनी

ता. क. 'म्हणतात' लिहून गेले. तुला कळलं मला काय म्हणायचंय.


२१ जून

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं. कॉटशेजारी शिलाई मशीन आहे, तिथेच बसून. हातात एका बाईचा कोट होता, बाह्या आखूड करायच्या होत्या. तो बाजूला ठेवला आणि सावकाश वाचलं.

बाबांनी आधी तोंड भिंतीकडे केलं. दोन तास तसेच. मग डाव्या हाताने कागदावर टकटक केली, म्हणजे परत वाच. 'कधी गळलं नाही' या वाक्याला डाव्या डोळ्यातून पाणी आलं. झटका आल्यापासून उजवा डोळा कायमच पाझरतो, त्याचं मी काही धरत नाही. डाव्याचं धरते.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक पुठ्ठा दिलाय. त्यावर पाण्याचा पेला आहे, ताट आहे, संडास आहे, रडका चेहरा आहे. बोट ठेवलं की कळतं काय हवंय. पण गोठ्याचं चित्र त्यावर कसं असणार? बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या घरातल्या गोष्टींची चित्रं तुम्ही चिकटवा, वेळ लागतो पण माणूस बोलायला लागतो. माझ्याकडे कोटांचा ढीग पडलाय. राहून गेलं.

तरी मी सांगते, ते राजी आहेत. दादाला म्हणावं, कर सुरुवात.

बाबांची खोली साधारण कधी होईल?

तुझी,
वन्सं


४ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

हाताला घट्टे पडलेत, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. शाळेतही तू तेच म्हणायचीस.

गव्हाण काढली. जमीन हातभर खणली, ठकीने खणलेली माती डब्याडब्याने बाहेर नेली आणि मजुरी म्हणून प्रत्येक डब्याला एक गोष्ट वसूल केली. माझ्याकडच्या संपल्या, आता दादा तिला कारखान्यातल्या खऱ्या गोष्टी सांगतो, त्या राक्षसांपेक्षा भयंकर आहेत. छपराचे तीन वासे बदलले. माळ्याच्या तुळया बसवायला घेतल्यात. लाकडाचं काम करताना हा गुणगुणतो, गं. कारखान्यात कधी ऐकलं नव्हतं.

आता बाबांना विचारायचं ते. उत्तरेच्या भिंतीतून आत आलेल्या दगडाच्या खुंट्या तुला आठवत असतील. त्यांच्यावर बादल्या, दोर, कंदील आणि तुझे ओले फ्रॉक टांगले जायचे. मोजल्या, अकरा आहेत. बाबांची कॉट भिंतीला लावायची तर ह्या बरोब्बर त्यांच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या उंचीला येतात. माझं कपाळ दोनदा फुटलं. दादाला भिंत सपाट करून तिला आतून फळ्या मारायच्यात, म्हणजे थंडीत बाबांना गारवा लागणार नाही. दगड कापायचं यंत्र आपल्याकडे नाही, तेव्हा पहारीने उपटून काढायच्या आणि भोकं बुजवायची असं ठरवलंय.

पण म्हणतो, "खुंट्या त्यांच्या हातच्या. भिंत त्यांनी आणि आजोबांनी रचली. विचारून घे."

मी म्हटलं, "खुंटीचं काय विचारायचं? उद्या खिळा ठोकायलाही परवानगी मागशील."

म्हणाला, "विचारून घे."

तर विचारते. कळव.

वहिनी


१३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दादाला सांग, खुशाल काढ. बाबांची काही हरकत नाही. तुझ्या कपाळाचं ऐकून वाईट वाटलं त्यांना.

इकडे सगळं ठीक. दोन दिवस बाबांचं पोट बिघडलंय, जेवण नीट जात नाही. हवेमुळे असेल. डाव्या हातालाही थोडं लागलंय, कॉटच्या दांडीवर आपटला. पट्टी बांधली आहे.

ठकीला सांग, तिचे आजोबा तिच्यापेक्षा लहान झालेत. औषधांची रिकामी खोकी मला टाकू देत नाहीत. पलंगावरच्या पाटावर त्यांच्या दोन रांगा उभ्या रचतात, शेजारी शेजारी, मध्ये बोटभर फट. मग चहाचा चमचा दोन्ही रांगांवर आडवा ठेवतात आणि वर आणखी खोकी चढवतात. डाव्या हाताने एवढं करायला अर्धा तास जातो. सगळं नीट उभं राहिलं की माझ्याकडे बघतात. मी बघतेय अशी खात्री झाली की चमचा ओढून काढतात. दोन्ही रांगा दोन बाजूंना कोसळतात. मी टाळ्या वाजवते. मग परत पहिल्यापासून. काल सात वेळा झालं. शेवटी मी खोकी उचलून कपाटावर ठेवली, नाहीतर चहासुद्धा घेईनात.

ऑक्टोबरअखेर खोली होईल ना? म्हणजे मला त्यांच्या प्रवासाची व्यवस्था बघायला बरं.

तुझी,
वन्सं


२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तुझ्या पत्रातली खोक्यांची गोष्ट ठकीने तीनदा वाचायला लावली. म्हणते, "आजोबा आले की आम्ही घर-घर खेळू, पण चमचा मी काढणार." दादा हसला खरा. त्याला त्यांचं असं लहान होणं सोसत नाही. बाबांनी खुंट्यांना हो म्हटलं हे ऐकून मात्र त्याने माझ्याकडे पाठ केली आणि रंधा मारत राहिला. लाकूड केव्हाच गुळगुळीत झालं होतं.

खुंट्या निघाल्या एकदाच्या. अकरा खुंट्यांना नऊ दिवस. मला वाटलं होतं वीतभर दगड असेल. पहिलीच काढायला घेतली तर येतेय येतेय, संपेचना. माझ्या हाताहून लांब निघाली. ओढून काढली आणि भोकातून पलीकडचा उजेड आत आला. तिचं दुसरं टोक बाहेरच्या अंगाला होतं.

दादा म्हणाला, "एवढ्याशा बादलीला एवढी लांब खुंटी कशाला?"

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना गाय टांगायची असेल."

दोघं हसून हसून खाली बसलो. खूप दिवसांनी.

भोकं दगडगोट्यांनी आणि सिमेंटने बुजवली. माळ्याच्या तुळया त्या भिंतीवर टेकवल्या, फळ्या मारायला घेतल्या. भिंतीला बाहेरून थोडं पोट आल्यासारखं वाटतं, म्हणजे मधोमध जरा फुगलीय. दादा म्हणतो, ती आधीपासूनच तशी असणार, आपण कधी निरखून पाहिलीच नव्हती. दारामागे एक चीर गेली होती, ती लिंपली.

बाबांच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी ठेवलीय. कॉटवर पडल्या पडल्या रस्ता दिसेल.

वहिनी


१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र बाबांना सगळं वाचून दाखवलं नाही. खुंटी लांब निघाली तिथपर्यंत आले आणि त्यांनी कागद हातातून ओढला. फाटला. तुकडे जोडून ठेवलेत. आजकाल फार हट्टी झालेत, पत्र दिसलं की डोळे मिटून घेतात. मला वाटतं त्यांना आता आठवणी नको आहेत. तिकडे आले, ठकी दिसली, की निवळतील.

आणि एक. मला यातलं काही कळत नाही, पण भिंतीला पोट आलं म्हणतेस ते एकदा कुणा गवंड्याला दाखव. दादा चिडेल, तरी दाखव. मला उगीच चुकचुकल्यासारखं होतंय.

प्रवासासाठी गाडी सांगून ठेवली आहे, २९ ऑक्टोबरची.

तुझी,
वन्सं


२६ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तू दोन दिवस राहून गेलीस तेव्हा आपण काहीच बोललो नाही. माणसं होती. आणि तुला बाबांना शेजाऱ्यांवर सोपवून आल्याची घाई होती. मी दाराशी उभी राहून तू रस्त्यावर चढेपर्यंत बघत होते. एकदा तरी मागे बघशील असं वाटलं होतं.

कारखान्याच्या खोलीत परतायचा धीर होत नाही, आम्ही अजून इथल्या शाळेच्या मागच्या खोलीत आहोत. बाकं एकावर एक रचून ठेवलीत, त्यांच्या आडोशाला झोपतो. ठकी छताखाली झोपायला तयार नाही. तिला दारात झोपवते, डोकं बाहेर, पाय आत.

तुला कुणी नीट सांगितलं की नाही माहीत नाही, म्हणून सांगते. तीन दिवस पाऊस लागला होता. त्या दुपारी थांबला. तुझा दादा बाबांच्या खोलीत त्यांच्या कॉटच्या कडेला दांडी बसवत होता, उठताना धरायला. मी चुलीपाशी. ठकीला त्याने स्क्रूचा डबा आणायला बाहेरच्या पडवीत पाठवलं होतं. आवाज मोठा झाला नाही. मला वाटलं कुणी अंगणात खडी ओतली. वळून पाहिलं तर उत्तरेला शेतं दिसत होती.

भिंत दोन्हीकडे पडली. बाहेरची बाहेर, आतली आत. मधली माती भिजून चिखल झालेली. वरून माळा.

तू दाखव म्हणाली होतीस आणि आम्ही बोलावलाच नव्हता, तो गवंडी काल आला होता, दगड हलवायला. म्हातारा आहे, तुझ्या बाबांना ओळखायचा. अंगणात आम्ही ओळीने लावून ठेवलेल्या त्या अकरा खुंट्या त्याने पाहिल्या आणि डोक्यावरची टोपी काढली. मला म्हणाला, "पोरी, ह्या कुणी काढल्या?" मी सांगितलं. तो बराच वेळ ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, अशी भिंत एक नसते, दोन असतात, मध्ये भराव. हे लांब दगड दोघींना बांधून ठेवतात. आत आलेल्या टोकांवर लोक वस्तू टांगतात, ते आपलं असंच. म्हणाला, "परका माणूस असता तर त्याने विचारलं असतं, हे दगड कशाला आहेत. तुम्ही लहानपणापासून बादल्या टांगत आलात, तुम्ही कशाला विचाराल?"

पण आम्ही विचारलं होतं, वन्सं.

म्हणून मी तुला विचारते. बाबांनी स्वतःच्या हाताने रचलेली भिंत. त्यांना ठाऊक नव्हतं असं होणार नाही. तू त्यांना खरंच वाचून दाखवलंस का? ते काय म्हणाले? आता 'म्हणाले' हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही.

खरं लिही.

वहिनी


६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, ते जसं होईल तसं पाठवते.

वाचून दाखवलं होतं. चार ऑगस्टचं तुझं पत्र, पूर्ण. 'उपटून काढायच्या' इथपर्यंत आले आणि बाबांनी डावा हात कॉटच्या दांडीवर आपटला. पुन्हा पुन्हा. सालटं निघाली, रक्त आलं. मान जोरजोरात आडवी हलवत होते. घशातून आवाज काढत होते. आम्हा दोघांना कळेल असा नकार त्याहून स्पष्ट काय असतो?

मला वाटलं, हा जुना राग आहे. 'माझ्या दगडाला हात लावायचा नाही.' मला वाटलं, अंथरुणाला खिळला तरी बाप पोराला माफ करायला तयार नाही. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "सहा वर्षं झाली, बाबा, आता पुरे करा. त्याने तुमच्यासाठी खोली बांधायला घेतलीय." ते रडायला लागले. मी त्यांच्या हाताला पट्टी बांधली आणि तुला लिहिलं की त्यांची हरकत नाही, की तुझ्या कपाळाचं वाईट वाटलं त्यांना. तेवढं मी माझ्या मनाने रचलं. दादाला बरं वाटावं म्हणून.

असं तुला सांगून थांबता आलं असतं. दादाला बरं वाटावं म्हणून. त्या बापलेकांत गोडी व्हावी म्हणून. पण तू खरं लिही म्हणालीस.

२९ ऑक्टोबरला बाबा तुमच्याकडे येणार होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्या तारखेनंतर मी एक आख्खा दिवस झोपणार होते. कुणाची चादर बदलायची नाही, कुणाला घास भरवायचा नाही, मशीन चालू असताना कान कॉटकडे नाहीत. खोली लवकर व्हावी एवढंच मला हवं होतं. बाबा नको म्हणतायत असं कळवलं असतं तर दादाने काम थांबवलं असतं, तुला माहीत आहे, लगेच थांबवलं असतं. मला ते थांबायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोक्यांच्या भिंती रचायला घेतल्या. दोन भिंती आणि मध्ये चमचा. मला दाखवून दाखवून चमचा काढत होते. यापेक्षा सोपं करून त्यांनी कसं सांगायचं होतं? आणि मी टाळ्या वाजवल्या. सात वेळा.

दादा गेल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस मी कुठे गेले होते, तर लग्नाला, असं सांगितलं. रोज माझ्याकडे बघतात, पत्राची वाट पाहिल्यासारखं. मला सुचतं ते असं, की तू एक पत्र लिहावंस. काम संथ चाललंय, थंडी सरली की न्यायला येऊ, असं काहीतरी. त्यांचे किती दिवस उरलेत ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेवढे तरी त्यांना शांत जाऊ देत.

माफी मागायचा माझा अधिकार नाही, म्हणून मागत नाही.

वन्सं


२४ नोव्हेंबर

वन्सं,

खोटं पत्र मी लिहिणार नाही. त्यांच्या नावाने एकदा तू उत्तर दिलंस, आता माझ्या नावाने त्यांना उत्तर द्यायचं म्हणतेस.

तुझं पत्र वाचल्यावर आठ दिवस मला तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणवत नव्हता. शाळेतलासुद्धा. ते तुला कळावं म्हणून लिहिते. मग हेही लिहिते, की खोक्यांची गोष्ट तू लपवली नव्हतीस. ती पत्रात होती. मी ती ठकीला तीनदा वाचून दाखवली आणि तुझा दादा समोर बसून ऐकत होता. उजेड आत आला तो दगडही आम्ही दोघांनीच ओढून काढला, आणि हसलो. हे सगळं कसं वाटून घ्यायचं ते मला कळत नाही. तू माझ्या वाट्याचं उचलू नकोस, मी तुझ्या वाट्याचं उचलणार नाही.

खालचा मजकूर बाबांसाठी आहे. तो त्यांना वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस. वाचून झाल्यावर ते जे करतील ते बघ आणि मला लिही. त्याचा अर्थ काय ते लिहू नकोस. अर्थ लावायचं काम तू या घरात पुन्हा करायचं नाहीस. हात हलला तर हात हलला एवढंच.

बाबा,

तुमचा मुलगा १७ ऑक्टोबरला दुपारी गेला. उत्तरेची भिंत पडली. आम्ही तिच्यातले अकरा दगड काढले होते. तुम्ही काढू नका म्हणून सांगितलं होतंत, पुन्हा पुन्हा सांगितलंत, तुम्हाला जमेल त्या सगळ्या तऱ्हांनी सांगितलंत. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तर त्याने ऐकलं असतं. तो तुमच्या होकारासाठी थांबला होता, आणि तुम्ही हो म्हटलंत असं समजून गेला. त्या दिवशी तो खूश होता. तुम्ही सांगण्यात कमी पडलात असं मनात आणू नका.

तो तुमच्या खोलीत होता. तुमच्या कॉटला उठताना धरायला दांडी बसवत होता.

ठकी आणि मी सुखरूप आहोत. डिसेंबरनंतर आम्हाला जागा नाही. पश्चिमेची भिंतही खचली, पण दक्षिणेची आणि पूर्वेची भिंत उभी आहे. त्यांच्यातले लांब दगड कुणी काढलेले नाहीत. गवंडी म्हणतो, उरलेल्या दोन भिंतींना धरून एक खोली बांधता येईल. एकच, पण पक्की. तो म्हणतो, उत्तरेची भिंत मी रचून देईन, दगड सगळे तिथेच पडलेत.

मी दगड उचलू की नको, हे तुम्हाला विचारते. मला दुसरीकडे कुठे जायला नाही, तरी विचारते. तुम्ही नको म्हणालात तर मी ठकीला घेऊन दुसरं बघेन. तुमच्या होकाराशिवाय आता तिथल्या एकाही दगडाला हात लागणार नाही.

तुमची सून


२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तू सांगितलंस तसं लिहिते.

रविवारी सकाळी अकराला वाचलं. आधी त्यांना उशी लावून बसवलं, चष्मा घातला. मशीनवर कापड झाकलं.

पहिल्या ओळीनंतर त्यांनी डावा हात वर केला. मी थांबले. हात खाली आला. मी पुढे वाचलं. 'ऐकलं असतं' इथे पुन्हा हात वर केला, तो बराच वेळ वर होता. मी धरायला गेले नाही. खाली आल्यावर पुढे वाचलं.

दांडीची ओळ वाचली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. तोंड उघडंच राहिलं. मी शेवटपर्यंत वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

त्यानंतर कागद मागितला. दिला. त्यांना वाचता येत नाही आता, तरी दोन्ही बाजू पाहिल्या. मांडीवर ठेवून एका हाताने घडी घातली. घडी वाकडी आली, उलगडून परत घातली. मी बाहेरच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

आत आले तर त्यांनी पांघरूण बाजूला केलं होतं आणि डावा पाय कॉटखाली सोडला होता. उजवा पाय डाव्या हाताने उचलून खाली सोडत होते. दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून असं केलेलं मी पाहिलेलं नाही. मी मदत केली. चपला सरकवल्या. ते कॉटच्या कडेला बसले, तोंड दाराकडे. जेवण तसंच बसून घेतलं. पाच वाजता आडवं करायला गेले तर माझा हात बाजूला केला. शेवटी बसल्या बसल्याच डोळा लागला, तेव्हा मी त्यांना निजवलं.

इथे मी एक वाक्य लिहून खोडलं आहे. खाडाखोड दिसेल. ते अर्थाचं वाक्य होतं.

काल सकाळी मी उठले तेव्हा ते आधीच बसलेले होते. आजही तसेच आहेत. दोन्ही पाय जमिनीवर, तोंड दाराकडे, तुझ्या पत्राची घडी डाव्या मुठीत. मी हे त्यांच्याकडे बघत लिहिते आहे. त्यांनी आत्ता मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग परत दाराकडे.

वन्सं